‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ – मग कशावर ठेवायचा?

परवा शेगाव तालुक्यातल्या एका गावातून एक मावशी मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. तक्रार मुलीच्या अशक्तपणाची होती. तपासणी झाली, गोळ्या लिहून दिल्या, तरी मावशी उठेनात. मुलीला बाहेर बसायला सांगितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “डॉक्टरसायब, खरं सांगजा. रेशनच्या गव्हात कोनं मुद्दाम काई टाकलं होतं का? आमच्याकडं सारे तसंच म्हनून रायले.”

माझ्या तोंडावर तयार उत्तर होतं: “मावशी, अफवांवर विश्वास ठेवू नका.” आम्ही डॉक्टर हे वाक्य दिवसातून चारदा वापरतो. सरकारी पत्रकातही तेच असतं. पण त्या दिवशी ते तोंडातून निघालं नाही. कारण मावशींनी लगेच दुसरा प्रश्न केला असता, “मग विश्वास कशावर ठेवू?” आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. सरकारी म्हणण्यावर शंका घेणाऱ्या प्रत्येकाला ‘कटाच्या गोष्टी सांगणारा’ म्हणून उडवून लावायची सवय आपल्या व्यवसायाला आणि प्रशासनाला लागली आहे. ती सवय चुकीची आहे आणि तब्येतीला धोक्याची आहे, हे मला इथे मांडायचं आहे. त्याचबरोबर, शंका घेतली म्हणजे आपण बरोबरच ठरलो असं मानणाऱ्यांशीही मला भांडायचं आहे.

नेमकं काय झालं होतं?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. बाई, पुरुष, मुलं, म्हातारी माणसं, कोणीच सुटलं नाही. आकडा वाढत अठरा गावं आणि पावणेतीनशेच्या वर माणसांपर्यंत गेला. काहींना डोकेदुखी, ताप, उलट्या, जुलाब, हातापायाला मुंग्या असाही त्रास होता.

टीव्हीवाल्यांनी दोन दिवसांत त्याचं नाव ठेवलं ‘टक्कल व्हायरस’. व्हायरसचा काडीचाही पुरावा नव्हता. पण त्या एका शब्दाने या गावांतल्या लोकांना बाहेर तोंड दाखवणं अवघड करून टाकलं. लागण होते म्हटल्यावर कोण पाहुणा येणार, कोण सोयरीक जुळवणार? या अफवेचा उगम व्हॉट्सॲपवर नव्हता, छापील आणि दूरदर्शनच्या बातम्यांत होता, हे लक्षात ठेवा.

सरकारी यंत्रणेचा पहिला अंदाज होता बुरशीचा, म्हणजे फंगल इन्फेक्शनचा. त्यानंतर पाण्याचे नमुने तपासले. त्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. यात आपल्याकडच्या कोणाला नवल वाटलं नसेल. पूर्णा खोऱ्यातला हा खारपाणपट्टा आहे. इथलं बोअरचं पाणी खारं असतं, हे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पुढे आयसीएमआरचं पथक आलं. रक्त, लघवी, केस, पाणी, माती, धान्य यांचे नमुने गेले.

बुरशी का पटत नाही?

आधी माझी चूक कबूल करतो. पहिल्या आठवड्यात मीही रुग्णांना “फंगस असेल, मलम लावा” असंच सांगत होतो. वरून तसं येत होतं, म्हणून मी तसं म्हणत होतो. जरा थांबून विचार केला असता तर शंका यायला हवी होती.

डोक्यावरची बुरशी गोल चट्ट्यांनी येते. खपल्या धरतात, केस तुटके दिसतात. ती प्रामुख्याने लहान मुलांत दिसते आणि आठवड्या-महिन्यांनी हळूहळू पसरते. सगळ्या वयाच्या माणसांचे केस, एकमेकांपासून दूर असलेल्या गावांत, एकाच वेळी, तीन दिवसांत मुळासकट निघतात, असं बुरशी करत नाही. ताप, बाळंतपण किंवा मानसिक धक्का यानंतर जे केस गळतात, तेही दोन-तीन महिन्यांनी गळतात आणि पूर्ण टक्कल सहसा पडत नाही.

दिवसांच्या हिशेबात केस गळतात तेव्हा डॉक्टरने विषबाधेचा विचार करायचा असतो. केसाच्या मुळाशी पेशी फार वेगाने वाढत असतात. त्या वाढीला एकदम खीळ बसली की असं होतं. कॅन्सरच्या केमोथेरपीत हेच होतं. थॅलियम, सेलेनियम यांसारख्या द्रव्यांच्या विषबाधेतही हेच होतं. हे सगळं आमच्या पाठ्यपुस्तकात आहे. तरीही आम्ही बुरशी म्हणत राहिलो, कारण अधिकृत अंदाज तसा होता.

बावस्करांनी काय केलं?

रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तुम्हाला ऐकून माहीत असतील. विंचूदंशाने माणसं मरत होती, त्या काळात प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने ती वाचतात, हे त्यांनी एका ग्रामीण दवाखान्यातून दाखवलं आणि ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकाने ते छापलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मूळचे ते आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले.

बावस्कर बोंडगावला आले. लोकांच्या घरातला रेशनचा गहू, रक्त, लघवी, केस यांचे नमुने घेऊन त्यांनी खासगी प्रयोगशाळेत तपासले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी आकडे जाहीर केले. त्यांच्या म्हणण्यानुसार गव्हात किलोला सुमारे १४ मिलिग्रॅम सेलेनियम होतं, म्हणजे इथल्या स्थानिक गव्हाच्या ६०० पट. बाधितांच्या रक्तात ते ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलं होतं. शरीरातलं जस्त, म्हणजे झिंक, कमी झालेलं होतं. हा गहू पंजाब-हरियाणाकडून रेशनमध्ये आलेला आहे, असं ते म्हणाले.

सेलेनियम हे खनिज आपल्याला लागतं, पण अगदी चिमूटभरही नाही. मोठ्या माणसाला दिवसाला ४० मायक्रोग्रॅमच्या आसपास पुरतं. रोज ४०० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की धोका सुरू होतो. आता स्वतः हिशेब करा. माणूस दिवसाला ३०० ग्रॅम गव्हाच्या पोळ्या खातो असं धरा. किलोला १४ मिलिग्रॅम असेल, तर त्याच्या पोटात ४.२ मिलिग्रॅम गेलं, म्हणजे ४,२०० मायक्रोग्रॅम. गरजेच्या शंभरपट आणि धोक्याच्या रेषेच्या दहापट, तेही रोज.

केस आणि नखं ज्या प्रथिनाची बनतात, त्या केराटिनला घट्टपणा गंधकामुळे येतो. सेलेनियम हा गंधकाचा रासायनिक भाऊबंद. जास्त झाला की तो गंधकाच्या जागी घुसतो आणि केसाची, नखाची वीण ढिली होते.

हे जगात पहिल्यांदा घडलेलं नाही. चीनच्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ च्या सुमारास गावंच्या गावं केस आणि नखं गळून हैराण झाली होती. तिथल्या जमिनीतच सेलेनियम होतं आणि ते पिकांत उतरलं होतं. अमेरिकेत २००८ मध्ये एका पातळ टॉनिकात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणाच्या २०० पट सेलेनियम गेलं आणि २०१ माणसं आजारी पडली. त्यांतल्या बहुतेकांचे केस गळाले. आणि आपल्या देशात पंजाबच्या नवांशहर-होशियारपूर पट्ट्यात सेलेनियमयुक्त जमीन आहे, हे कृषी शास्त्रज्ञ अनेक वर्षांपासून लिहीत आले आहेत.

बावस्करांनाही प्रश्न विचारायचेच

इथे काही वाचक टाळ्या वाजवतील. “बघा, सरकार खोटं पडलं, एकटा डॉक्टर खरा निघाला.” थांबा. बावस्कर मोठे आहेत म्हणून त्यांचं म्हणणं आपोआप खरं होत नाही. सरकारी माणसाला जो नियम लावतो, तोच त्यांनाही लावायचा.

पंजाबातली सेलेनियमयुक्त जमीन मर्यादित आहे. रेशनचा गहू वेगवेगळ्या शेतांतून गोळा होतो, एकत्र होतो, गोदामातून शेकडो गावांना जातो. मग केस याच अठरा गावांत का गळाले? एखादाच साठा इकडे आला असेल, तर त्याची गोदामाची नोंद कुठे आहे? त्याच साठ्याचं धान्य आणखी कुठे गेलं? एका घरात सगळे तोच गहू खातात, मग सासूचे केस गेले आणि सुनेचे का राहिले? खाऱ्या पाण्याचा, जस्ताच्या कमतरतेचा यात हात आहे का? आणि सरकारी प्रयोगशाळेत त्याच गव्हाचं प्रमाण किती निघालं?

हे प्रश्न बावस्करांना कमी लेखणारे नाहीत. त्यांनी आकडा दिला, नमुना कुठला ते सांगितलं, कारण सांगितलं, म्हणूनच आपल्याला हे प्रश्न विचारता येतात. दुसऱ्या कोणीही तोच गहू तपासावा आणि आपण चुकलो असू तर दाखवून द्यावं, अशी जागा त्यांनी ठेवली आहे. शंका कशी घ्यावी याचा मी पाहिलेला हा चांगला नमुना आहे.

गप्प बसण्याचं विष

एप्रिल २०२५ मध्ये याच तालुक्यातल्या चार गावांत सुमारे तीस जणांची नखं वाकडी होऊ लागली, काहींची गळून पडली. आरोग्य अधिकाऱ्यांनीही तेव्हा सेलेनियमचाच संशय बोलून दाखवला. पण आयसीएमआरच्या तपासणीचा सविस्तर अहवाल तोवर लोकांपुढे आलेला नव्हता.

नखं गळाली तेव्हा गावात पुन्हा घबराट झाली. “आता नवीन काय सोडलं आमच्यावर?” असं लोक विचारू लागले. खरं तर हे समजावून सांगणं सोपं होतं. नख मुळाशी तयार होतं आणि महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर पुढे सरकतं. डिसेंबर-जानेवारीत मुळाला झालेली इजा नखावर दिसायला आणि नख सुटायला दोन-चार महिने लागणारच. म्हणजे नखं गळणं हे नव्या हल्ल्याचं लक्षण असेलच असं नाही, जुन्याच इजेची ती उशिरा पोचलेली पावती असू शकते. त्याबरोबरच, अजूनही तेच धान्य पोटात जात नाही ना, हे तपासणं गरजेचं होतं. ही दोन वाक्यं जानेवारीतच कोणी ग्रामसभेत सांगितली असती, तर एप्रिलमधली अर्धी भीती टळली असती.

माहिती मिळाली नाही की माणसं डोकं बंद करून बसत नाहीत. आपल्या जवळच्या साहित्यातून ती गोष्ट पूर्ण करतात. ‘कोणीतरी मुद्दाम केलं’ ही गोष्ट पूर्ण करायला सगळ्यात सोपी असते, कारण तिच्यात माती, गोदाम, साठा, रसायन काही समजून घ्यावं लागत नाही. एक वाईट माणूस पुरतो.

मुद्दाम केलं का?

मावशींच्या प्रश्नाला आता सरळ भिडू. गव्हात मुद्दाम सेलेनियम मिसळलं असेल का? मला तसं वाटण्याचं कोणतंही कारण दिसत नाही. सेलेनियम जमिनीतून दाण्यात उतरतं, हे माहीत असलेलं, मोजलेलं कारण आहे. त्यासाठी कोणाच्या हाताची गरज नाही. मुद्दाम करायचं तर कोणीतरी ते आणलं पाहिजे, पोत्यापोत्यांत सारखं कालवलं पाहिजे, गोदामापासून रेशन दुकानापर्यंत कित्येकांनी तोंड बंद ठेवलं पाहिजे. आणि एवढं करून साधायचं काय, तर बोंडगावच्या शेतकऱ्याचं टक्कल?

पण ‘मुद्दाम केलेलं नाही’ याचा अर्थ ‘कोणाची चूक नाही’ असा होत नाही. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथेच आहे. ‘कट नव्हता’ हे खरं वाक्य वापरून ‘विचारू नका’ हे खोटं वाक्य गळी उतरवलं जातं. धान्य खरेदी करताना सेलेनियम तपासतात का? सेलेनियमयुक्त जमिनीतला गहू वेगळा काढायची काही सोय आहे का? नसेल, तर ती कोणाची जबाबदारी? निष्काळजीपणासाठी कारस्थान लागत नाही. नुसतं दुर्लक्ष पुरतं.

लोक एवढे संशयी का?

आमचे काही डॉक्टर मित्र म्हणतात, “खेड्यातली माणसं अडाणी, त्यांना काहीही पटतं.” मला हे पटत नाही. लोकांच्या संशयाला आठवणी आहेत.

‘लसीतून, गोळीतून आमची संख्या कमी करायचा डाव आहे’ असं कोणी म्हटलं की आपण हसतो. पण १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातल्या कित्येक दडपणाखाली झाल्या. ज्या आजोबांनी तेव्हा सरकारी जीप दिसली की ज्वारीत दडी मारली, त्यांचा नातू आज लसीच्या गाडीकडे संशयाने पाहत असेल, तर त्याला अडाणी म्हणण्याआधी आजोबांची गोष्ट ऐकून घ्यावी.

‘प्लास्टिकचा तांदूळ’ ही दुसरी गोष्ट. रेशनच्या तांदळात वेगळे दिसणारे दाणे सापडले, पाण्यावर तरंगले, म्हणून गावोगाव ओरड झाली. ते प्लास्टिक नव्हतं. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व घालून यंत्रातून काढलेले ते दाणे होते, शंभर किलोत साधारण एक किलो. हा उद्देश रक्तक्षय कमी करण्याचा होता. २०२१ मध्ये योजना जाहीर झाली खरी, पण ताटात जाण्याआधी चुलीपुढच्या बाईला ते कोणी सांगितलं? सांगितलं नाही आणि तिने दाणे निवडून फेकले, की पुन्हा तिलाच अफवेला बळी पडलेली ठरवलं. यातही एक खरा प्रश्न होताच. थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या रुग्णांनी हे जादा लोह घ्यावं का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत, म्हणून हा प्रश्न आपल्या दारातला आहे. पण ‘प्लास्टिक, प्लास्टिक’च्या गोंगाटात तो कोणाला ऐकू आला नाही.

तिसरी गोष्ट गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या एचपीव्ही लसीची. २००९ मध्ये आंध्रच्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना ही लस प्रकल्प म्हणून दिली गेली. सात मुलींचा मृत्यू झाला आणि २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत मृत्यूंचा संबंध लसीशी आढळला नाही. पण अनेक ठिकाणी आईवडिलांच्या संमतीऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या घेतल्या होत्या, हेही निघालं. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. म्हणजे ‘लसीने मुली मेल्या’ हे चूक होतं आणि ‘आम्हाला न विचारता मुलींना टोचलं’ हे बरोबर होतं. दोन्ही एकाच तोंडातून येत होतं. ऐकणाऱ्याने पहिलं चूक म्हणून दुसरंही उडवलं. याचा तोटा कोणाला झाला? कॅन्सरपासून वाचवणाऱ्या एका चांगल्या लसीवर पुढची कित्येक वर्षं संशय राहिला. मी आजही माझ्या रुग्णांना मुलींना ही लस देण्याचा सल्ला देतो आणि दर वेळी आधी तो जुना संशय धुवावा लागतो.

माझी कसोटी

मग शंका आणि भंपकपणा यांत फरक कसा करायचा? मी एकच प्रश्न विचारतो: “काय दाखवलं तर तुम्ही तुमचं मत बदलाल?”

बावस्करांना विचारा. त्याच साठ्यातल्या गव्हात सेलेनियम नेहमीइतकंच निघालं, तर त्यांचा दावा पडतो. ही शंका प्रामाणिक आहे.

‘सगळं त्यांनी मुद्दाम केलं’ म्हणणाऱ्याला हेच विचारा. गव्हात काही निघालं नाही तर तो म्हणेल, “अहवाल दाबला.” निघालं तर म्हणेल, “बघा, सांगितलं नव्हतं?” म्हणजे काहीही निघालं तरी तो बरोबर. अशा माणसापासून सावध राहा. तो शंका घेत नाही, श्रद्धा बाळगतो. त्यातून पुढे तो केस उगवायचं तेल, ‘शरीर शुद्ध करणारा’ काढा किंवा सात दिवसांचा कोर्स विकत असेल, तर खिसा सांभाळा.

आणि आता हाच प्रश्न अहवाल कपाटात ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला विचारा. “काळजीचं कारण नाही, परिस्थिती नियंत्रणात आहे” हे कशावरून? आकडे न दाखवता जो म्हणतो माझ्यावर विश्वास ठेवा, तो आणि व्हॉट्सॲपवरचा तो मेसेज, दोघं आपल्याकडे एकच गोष्ट मागतात: पुराव्याशिवाय विश्वास. खुर्ची असल्याने ती मागणी शास्त्रीय होत नाही.

आमच्या व्यवसायालाही बोलतो. “डॉक्टर तुम्ही की मी?” हे वाक्य आपण सोडलं पाहिजे. रुग्णाने प्रश्न विचारला की आपला अपमान होत नाही. “मला माहीत नाही, पण शोधून सांगतो” म्हणायला आपल्याला लाज वाटते. त्यातून पहिल्या आठवड्यात मी वाटलेली बुरशीची मलमं निर्माण होतात.

तुम्ही काय करू शकता?

घरात किंवा गावात अनेकांना एकाच वेळी एकसारखा त्रास सुरू झाला, तर तारीख लिहून ठेवा. कोणाला कधी, कोणी काय खाल्लं, कोणतं पाणी प्यायलं, हे वहीत उतरवा. ही वही तपासणी पथकाला दहा भाषणांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

शंका असलेलं धान्य फेकू नका. किलो-दोन किलो कोरड्या, बंद डब्यात ठेवा, पोत्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढा. पुरावाच दळून खाल्ला की मग वाद फक्त तोंडाचा उरतो. असं धान्य खाणं मात्र थांबवा.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार विकत घेतलेलं अन्न शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. एकट्याला जमत नसेल तर ग्रामपंचायतीने करावं.

अहवाल मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अर्जात ‘कट कोणी केला’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. विचारा: किती नमुने घेतले, कोणत्या तारखेला, कोणत्या प्रयोगशाळेत, प्रमाण किती आलं.

आणि तब्येतीचं: सेलेनियमच्या बाधेवर खास उतारा नाही. मूळ कारण पोटात जाणं थांबलं की शरीर ते हळूहळू बाहेर टाकतं आणि बहुतेकांचे केस पुन्हा येतात. शेगावच्या गावांतही अनेकांचे केस परत उगवले. केसांसाठी म्हणून मल्टिव्हिटॅमिन घेताना डबीवर सेलेनियम लिहिलंय का ते पाहा. अशा रुग्णाला ते नको. श्वासाला लसणासारखा वास, नखांवर आडव्या रेघा, सततच्या मुंग्या असतील तर डॉक्टरांना नक्की सांगा. केस गळणं यात एकमेकांना लागत नाही. त्यावरून कोणाच्या घरचं पाणी टाळू नका आणि कोणाची सोयरीक मोडू नका.

मावशींना काय सांगितलं?

मी त्यांना म्हटलं, “मावशी, कोणी मुद्दाम टाकलं असं मला दिसत नाही. गव्हात जमिनीतूनच एक द्रव्य जास्त आलं असावं, असं एका मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. ते बरोबर असेल असं मला वाटतं, पण पक्कं व्हायला सरकारी अहवाल आपल्या हातात यायला हवा. तो मागायचा तुम्हाला हक्क आहे.”

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “हे आमाले आधी काऊन नाई सांगितलं कोनं?”

या प्रश्नाला अफवा म्हणता येत नाही. तो बोंडगावच्या ग्रामसभेत, मराठीत, आकड्यांसह सुटायला हवा. तिथे अहवाल वाचला जाईल तेव्हा मीही मागच्या रांगेत बसून ऐकेन, आणि पहिल्या आठवड्यात मी कुठे चुकलो तेही उठून सांगेन.